स्टेशनला जाऊन येते

आमच्या आईच्या तोंडी ‘बाजार’ हा शब्द क्वचितच येई. भाजी संपली, चपलेचा अंगठा तुटला, धाकट्याला चित्रकलेची वही हवी झाली, चष्म्याची काडी मोडली, काहीही असो. दाराशी चपला सरकवताना ती एकच वाक्य बोलायची, ‘जरा स्टेशनला जाऊन येते.’ तिला गाडी पकडायची नसे. डोंबिवलीत स्टेशनला जाणं म्हणजे गावात जाणं, चार माणसांत जाणं. पोटापाण्यासाठी रोज फोर्टात जाणारी माणसंही ‘मुंबईला जातो’ म्हणत, आणि परतताना गाडीतून उतरली की ‘गावात’ येत.

पुढं नोकरीनिमित्त पार्ल्यात, मग ठाण्यात राहिले. तिथंही हेच वाक्य कानावर आलं. मुंबईभोवतीच्या पट्ट्यात, विरारपासून बदलापूरपर्यंत, लाखो घरांत ते रोज संध्याकाळी बोललं जातं. जगात शहराचं केंद्र कुठं देवळाभोवती असतं, कुठं किल्ल्याच्या वेशीत, कुठं नदीच्या घाटावर. आमच्या उपनगरांचं ते तिकीटखिडकीबाहेर आहे. हे कसं झालं आणि ते बदलायला निघालेल्यांचं पुढं काय झालं, याचा मागोवा घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात करताना एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. ‘उपनगर’ म्हटलं की मूळ नगर आधीचं आणि ही त्याची मागाहून आलेली शेपटं, असं वाटतं. मुंबईच्या बाबतीत ते उलटं आहे. सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला आहे. कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दान देत होते, तसे लेख तिथल्या दगडात आजही वाचता येतात. ठाणं हे साष्टी बेटाचं मुख्य ठिकाण होतं. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर चाल केली तेव्हा आधी ठाण्याचा किल्ला घेतला आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेव्हाच्या मुंबईनं अजून आपली सात बेटं धड जोडलेली नव्हती. त्या जुन्या गावांची केंद्रं खाडीच्या धक्क्याजवळ, किल्ल्याच्या आसऱ्यानं होती. जुनं कल्याण पाहायचं असेल तर आजही स्टेशनपासून खाडीच्या दिशेनं पारनाक्याकडं, दुर्गाडीकडं चालत जावं लागतं. बंदर मागं पडलं, स्टेशन पुढं आलं आणि गावानं तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणारी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे आणि ठाण्यापर्यंतचं ३४ किलोमीटरचं अंतर, एवढं शाळेत सगळेच शिकतात. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. पण ही रेल्वे उपनगरांसाठी नव्हतीच. घाटावरचा कापूस बंदरात आणायचा, हा तिचा हेतू. मधली ठाणी वाटेत पडली म्हणून त्यांना थांबे मिळाले. पश्चिमेकडं १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुरू झाली, ती दिवसाला एक. तेव्हाचं गोरेगाव ‘पहाडी’ या नावानं वेळापत्रकात होतं. भाताची खाचरं, मिठागरं, ताडाची झाडं, अधूनमधून कोळीवाडे आणि गावठाणं. अशा मुलखात एक फलाट आणि एक दिवा. केंद्र वगैरे काही नाही.

केंद्र पहिल्यांदा घडलं ते दादरला. म्हणून दादरपाशी थोडं रेंगाळायला हवं.

१८९६ साली मांडवीच्या बाजूला प्लेगाचे रोगी सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत अर्धं शहर जीव मुठीत धरून बाहेर पळालं. अंधाऱ्या, कोंदट चाळींतून माणसं काढून मोकळ्या जागी न्यायला हवीत, हे सरकारला कळायला इतकी मढी पडावी लागली. १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरात त्यानं रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंगा-वडाळा-सायन या भागाची वसाहत योजना हाती घेतली. रस्ते आधी आखले, गटारं आधी बांधली, झाडं आधी लावली आणि मग भूखंड दिले. आपल्या मुलखात या क्रमानं घडलेली वस्ती विरळाच. हिंदू कॉलनीच्या आणि फाइव्ह गार्डन्सच्या सावलीतून दुपारी चालताना त्या क्रमाचं महत्त्व आजही अंगाला जाणवतं. मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी ट्रस्टकडून १०३ भूखंड मिळवले आणि पारशी कॉलनी उभी केली. खोदादाद सर्कलजवळ ट्रामचा शेवटचा थांबा होता, तो ‘ट्राम टर्मिनस’, म्हणजे आपला दादर टीटी. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरला आली आणि कायमची थांबली. त्याला साठ वर्षं होऊन गेली तरी टॅक्सीवाल्याला ‘टीटीला चल’ म्हटलं की तो बरोबर तिथंच नेतो.

आता गंमत अशी की हे सगळं आखीव दादर रुळांच्या पूर्वेला आहे आणि ज्याला अख्खी मुंबई ‘दादरला जाऊ या’ म्हणते ते आहे पश्चिमेला. रानडे रोड, फुलबाजार, पहाटेचा भाजीबाजार, साड्यांची दुकानं, छबिलदासची गल्ली. घरं ट्रस्टनं आखून दिली, पण बाजाराचं हे रूप कुणाच्या नकाशात नव्हतं. ते आलं कशानं? दोन रेल्वे जिथं अंगाला अंग लावून धावतात ती ही जागा. मध्य रेल्वेचा माणूस पश्चिमेला आणि पश्चिमेचा मध्यला जायला इथं उतरतो. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, तीन वर्षांत पश्चिमेलाही बोरिवलीपर्यंत वीज गेली, गाड्या वाढल्या, आणि गाडी बदलायला उतरलेला माणूस पाच मिनिटं बाहेर डोकवायला लागला. त्या पाच मिनिटांवर दादरचा बाजार उभा आहे. वसईची केळी, पालघरची भाजी, फुलं पहाटेच्या गाड्यांनी येतात आणि उजाडायच्या आत विकली जातात. सकाळी सहाला झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल तुडवत पुलावर चढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

शिवाजी पार्क १९२५ सालचं, आधी ‘माहीम पार्क’, दोन वर्षांत नाव बदललं. मैदान, पुढं सभा, क्रिकेट, १९६५ साली शिवाजी मंदिर नाट्यगृह. गिरगावातलं मराठी माणसाचं सार्वजनिक आयुष्य एकेक पाऊल उत्तरेला सरकत गेलं, ते दादरला येऊन टेकलं. घर, बाजार, मैदान, रंगमंच आणि दोन रेल्वे, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. त्यातलं घर आणि मैदान योजनेनं दिलं, बाजार लोकांनी केला. पुढच्या शंभर वर्षांत मुंबईच्या आसपास ज्यांनी ज्यांनी केंद्र उभं करायचा प्रयत्न केला त्यांना हे पाचही एका जागी आणता आलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादरच्या पुढच्या स्टेशनांना ट्रस्ट लाभला नाही. तिथं फलाटच नगररचनाकार झाला. पार्ल्याला १९२१ साली टिळक विद्यालय आलं, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. दोन्ही स्टेशनपासून पायी अंतरावर. १९२९ साली तिथं गोळ्या-मिठाईचा कारखाना सुरू झाला, पुढं त्यातच बिस्किटं व्हायला लागली आणि गावाच्या नावाची पुडी देशभर गेली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेची हद्द थेट दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि ही गावं कागदोपत्री बृहन्मुंबईत आली. पण मुंबईत आल्यानं त्यांना केंद्र मिळालं नाही, ते रोजच्या गाडीनं दिलं.

हे केंद्र कसं चालतं, ते एका संध्याकाळी डोंबिवली पूर्वेला पाहावं. सहाच्या सुमाराला जिन्याच्या तोंडाशी पथारीवर बायका बसायला लागतात. त्यांच्यासमोर अख्ख्या भाज्या कमी आणि निवडलेल्या जास्त. मेथीची पानं खुडून ठेवलेली, गवार मोडून, तांबडा भोपळा फोडी करून, सोललेली लसूण वाट्यावाट्यानं, मोड आणून सोललेले कडवे वाल, श्रावणात अळूची पानं देठ काढून. कारण समोरून येणारी बाई सकाळी सातला घर सोडून गेलेली आहे, तासभर लोंबकळून आलेली आहे आणि घरी पोचल्यावर तिच्या हातात स्वयंपाकाला पाऊण तास आहे. निवडलेल्या भाजीचे चार पैसे जास्त पडतात, ते तिनं मनातल्या मनात गाडीतच खर्ची टाकलेले असतात. विकणारी बाई बोलत नाही, भाव सांगत नाही. गाडी रिकामी झाली की जिन्यावरून पायांचा लोंढा येतो, तीन मिनिटांत पाच-पंचवीस पिशव्या जातात आणि परत शांतता; पुढची गाडी येईपर्यंत. त्या मधल्या वेळात तिचे हात पुढची मेथी खुडत असतात. तिचं दुकान वेळापत्रकावर चालतं.

तिच्या मागं पोळी-भाजी केंद्र. झेरॉक्स केंद्र. थोडं पुढं दूध केंद्र. मराठीतला ‘केंद्र’ हा भारदस्त शब्द आमच्या उपनगरांत प्रथम या पाट्यांवर आला, आणि मला तो तिथं अगदी योग्य जागी वाटतो. नोकरी करणाऱ्या बाईला वेळेवर पोळी मिळण्याची जागा हे त्या गावाचं खरंच केंद्र होतं. अनेक विधवांनी, नवऱ्याची गिरणी बंद पडलेल्या अनेक बायकांनी या केंद्रांत पोळ्या लाटून मुलं शिकवली. नियोजनाच्या एकाही अहवालात त्यांच्याबद्दल ओळ नसेल. मग बँका आल्या, सोनार आले, शिकवणीचे वर्ग वरच्या मजल्यांवर आले, डॉक्टर आले. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुण मुलंमुली नटूनथटून जमायला लागली. आज महाराष्ट्रभर निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची सुरुवातही डोंबिवलीतच १९९९ साली झाली. ज्या गावाला लोक ‘झोपण्यापुरतं गाव’ म्हणत होते, तिथून सणाची नवी रीत राज्यभर गेली.

उल्हासनगरची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त कठोर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्या बराकींत आणून ठेवली. १९४९ साली गावाला नाव मिळालं. इथं कुणी रोज मुंबईला जाऊन नोकरी करावी अशी माणसं नव्हती. त्यांच्याकडं व्यापाराचं अंग होतं आणि दुसरं काही नव्हतं. बराकीच्या ओट्यावर दुकान सुरू झालं, दुकानामागं शिलाईयंत्र आलं, आणि बघता बघता कापड, फर्निचर, जीन्सचा असा बाजार उभा राहिला की मुंबईचे लोक खरेदीला उलट्या दिशेच्या गाडीत बसायला लागले. मुंबईकडं न पाहता स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं हे बहुधा आपलं पहिलं उपनगर. ते निर्वासितांनी केलं.

मुंबईचा खरा नकाशा पाहायचा असेल तर मराठी नाटकांची जाहिरात वाचावी. गिरगावचं साहित्य संघ, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, वाशीचं विष्णुदास भावे. रंगायतन १९७८ सालचं. एखादं गाव ‘मुंबईजवळचं’ न राहता स्वतःचं कधी झालं याची ही माझी साधी कसोटी आहे : शनिवारी दुपारी नाटकाला तिथल्या माणसाला गाडी पकडावी लागत नाही, त्या दिवशी.

एवढं लोक आपल्या पायांनी घडवत होते तेव्हा कागदावर काय चाललं होतं? तिथंही मोठी आणि तळमळीची माणसं होती, हे आधी सांगायला हवं. १९४८ साली ना. वि. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मायर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. मोडकसागर ज्यांच्या नावानं आहे तेच हे अभियंते. शहर नुसतं लांबवत नेऊ नका, खाडीपलीकडं जोडगावं वसवा, असा त्यांचा सांगावा होता. १९५९ साली स. गो. बर्वे यांच्या गटानं ठाण्याच्या खाडीवर पूल बांधायला सांगितलं. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनं १९६६ साली एकाच केंद्राभोवती सगळं गोळा करण्याऐवजी अनेक केंद्रांचा प्रदेश करायला सुचवलं. त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराचा प्रस्ताव मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुंबई दक्षिणेच्या टोकाला नोकऱ्या आणि उत्तरेला घरं अशी लोंबकळते आहे. रोज सकाळी माणसं एकाच दिशेनं वाहून न्यावी लागतात. पूर्वेला दुसरं टोक तयार केलं, सरकार स्वतः तिकडं गेलं, तर तराजू समतोल होईल.

खाडीपलीकडचं हे नवं शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ३४४ चौरस किलोमीटर आणि ९५ गावं. भूमी संपादन करताना आगरी-कोळी शेतकऱ्यांना जो मोबदला देऊ केला तो इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली गावंच्या गावं उठली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले. त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. नव्या केंद्राची किंमत कुणी मोजली हे लिहिताना हे पाच जण आधी यायला हवेत.

केंद्र कुठं? सिडकोनं ते बेलापूरला ठरवलं आणि नावच ‘सीबीडी’, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी विभाग, असं ठेवलं. कोकण भवन तिथं गेलं, सिडकोचं मुख्यालय गेलं, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गेलं. मंत्रालय मात्र गेलं नाही. ज्या काळात खाडीपलीकडं सरकार न्यायचं बोलणं चालू होतं, त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहत होते. सरकारनं एका हातानं दिवा लावला आणि दुसऱ्यानं विझवला. तराजूच्या पारड्यात सरकार बसलंच नाही, मग तो झुकणार कसा?

आणि गाडी. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला, मोटारींसाठी. मानखुर्दहून वाशीला लोकल धावली ती ९ मे १९९२ रोजी. मधली १९ वर्षं नवी मुंबईकर बसच्या रांगेत उभा होता. रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोनं उचलला तेव्हा कुठं ती आली. ज्या मुलखात स्टेशन आधी आणि नवी वस्ती बहुधा मागून अशी सव्वाशे वर्षांची रीत, तिथं हे आखीव शहर आधी आलं आणि स्टेशनाची वाट पाहत राहिलं.

त्या १९ वर्षांत नवी मुंबईला जीव कुणी लावला? घाऊक बाजारांनी आणि माथाडींनी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतला कांदा-बटाट्याचा बाजार वाशी-तुर्भ्याला हलवला, मागून मसाला, धान्य, फळं, भाजी असं एकेक येत गेलं. पाठीवर पोती वाहणारी सातारा-सांगलीकडची माणसं मशीद बंदरच्या खोल्या सोडून कोपरखैरणे, घणसोलीत आली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानं १९६९ साली त्यांना कायद्याचं संरक्षण मिळवून दिलं होतं. घर मिळालं ते इथं. म्हणून वाशी रात्री अकरालाही जागी असते. आराखड्यातलं केंद्र बेलापूर आहे, पण संध्याकाळी ‘जरा जाऊन येते’ म्हणून नवी मुंबईची बाई वाशीला जाते. रेल्वे आल्यावर सिडकोनं आपल्या स्टेशनांवर आणि भोवती दुकानं, कार्यालयं बांधली. ही उशिरानं आलेली पण खरी समज होती, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं. मुंबईतल्या कोणत्याही स्टेशनाबाहेर जे अंगावर येतं ते नवी मुंबईत येत नाही. तिथं स्टेशनाबाहेर थांबता येतं, श्वास घेता येतो.

बीकेसीकडं वळताना मन थोडं कडू होतं. मिठी नदीच्या मुखाशी, खारफुटीच्या आणि दलदलीच्या जागेत ३७० हेक्टरांचं हे क्षेत्र. १९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं त्याचं नियोजन सोपवलं. दक्षिण मुंबईतला कार्यालयांचा भार उत्तरेकडं ओढायचा, हा हेतू. तो साधला, हे मान्य करायलाच हवं. राष्ट्रीय शेअर बाजार आला, बँकांची मुख्यालयं आली, २०१० साली हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाऊसच्या जिन्यांवरून उठून इथं आला. पैशाच्या हिशेबानं मुंबईचं केंद्र आज फोर्टात नाही, इथं आहे.

पण नाव पाहा. वांद्रे-कुर्ला संकुल. नावात दोन स्टेशनं आणि दोन्ही लांब. सकाळी नऊला वांद्रे पूर्वेला उतरावं. २००८ साली मुंबईतला पहिला स्कायवॉक इथंच बांधला तो याच लोंढ्यासाठी. इस्त्रीचे कपडे घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असतात, चौथा माणूस ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर बसतो. कुर्ल्याला तीच कथा, वर पावसाळ्यात पाणी. संकुलात पोचलं की काचेच्या भिंती, रुंद रस्ते आणि भर दुपारी सावलीला एक झाड शोधावं लागतं. भुयारी मेट्रो तिथं पोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. १९७७ पासून मोजा. ४७ वर्षं.

आणि पाण्याचं काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीला पसरायला जिथं जागा होती तिथं आपण भर टाकून बसलो होतो. नदीचं पात्र आवळल्याचा प्रश्न त्यानंतर कुठं ऐरणीवर आला. खारफुटी ही पडीक जमीन नसते, हे मुंबईला त्या रात्री गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून शिकावं लागलं.

त्या परिसरात २०२३ साली एक भव्य सांस्कृतिक केंद्रही झालं आहे, देखणं आहे. मी गेले होते. कार्यक्रम संपून बाहेर आले तेव्हा रस्त्यावर मोटारींची रांग होती आणि पायी चालणारी मी एकटी. कुणाला हाक मारून भाव विचारावा असं एक माणूस रस्त्याच्या कडेला नव्हतं.

स्टेशनाबाहेरची गर्दी गोड मानून घ्यावी, असं मी म्हणत नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. भोवतालच्या गिरण्या पाडून कार्यालयं उभी राहिली, माणसं कितीतरी वाढली, पूल तेवढाच राहिला. त्यानंतर उच्च न्यायालयानं स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीत जीव जाऊ नये हे खरंच. पण मेथी खुडणारी ती बाई १५० मीटर लांब गेली की गाडीतून उतरणाऱ्या बाईच्या वाटेवर राहत नाही आणि दोघींचीही संध्याकाळ बिघडते. पूल रुंद करणं, जिन्याबाहेर चौक सोडणं, त्या चौकात ओट्यांची ओळ बांधून देणं हा यावरचा उपाय आहे. ठाण्याला ‘सॅटिस’ ही स्टेशन परिसराची सुधार योजना करून बसगाड्या वरच्या मजल्यावर नेल्या, म्हणजे मनात आणलं की स्टेशनाबाहेरची जागा नव्यानं रचता येते.

आता ‘तिसऱ्या मुंबई’ची बोलणी चालू आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला, सुमारे २२ किलोमीटरचा, सहा मार्गिकांचा. पलीकडं उरण-पनवेलच्या बाजूला नवं केंद्र आखलं जात आहे. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही गेली, ही आनंदाची गोष्ट. पण ती नेरूळ-बेलापूरकडून वळसा घेऊन जाते. सेतूवर रूळ नाहीत. १९७३ च्या वाशीच्या पुलावरही नव्हते.

तुमच्या गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती आणि सूचना द्यायला ठरावीक दिवसांची मुदत असते. नकाशा पालिकेत भिंतीवर लावलेला असतो आणि तो पाहायला फार थोडे जातात. जरूर जा. त्यात पिवळे-निळे रंग पाहण्याआधी स्टेशनाचा जिना शोधा, त्याच्या तोंडाशी किती मोकळी जागा सोडली आहे ते पाहा आणि भाजीवालीला बसायला ओटा दाखवला आहे का ते विचारा. दाखवला नसेल तर तसं लिहून द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.